तिसऱ्या नंबराची मॅच

आपांना आमच्यापैकी एकीचंही नाव येत नव्हतं आणि ते शिकून घ्यायची त्यांना कधी गरजही वाटली नाही. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या क्रीडाशिक्षिका होत्या. पहिल्या दिवशी मी मैदानावर गेले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कुठची?"

"तिवशाची," मी म्हटलं.

"मंग धाव, तिवसा."

कॉलेज संपेपर्यंत मी तिवसाच राहिले. गोलात उभी राहायची ती रिद्धपूर. पुढे खेळणाऱ्या दोघी एकाच गावच्या निघाल्या तेव्हा जरा पंचाईत झाली, पण आपांनी एकीला मोठी दर्यापूर आणि दुसरीला छोटी दर्यापूर करून तो प्रश्न मिटवला. शहरातली एकच मुलगी होती, ती राजापेठ. मॅच सुरू झाली की आपा काठावरून ओरडायच्या, "तिवसा, दर्यापूरले दे! अवं रिद्धपूर, मांगं सरक!" बाहेरगावाहून आलेल्या एका पंचांनी मध्यंतरात त्यांना विचारलंही होतं, की मॅडम, तुम्ही मैदानावर एसटीच्या गाड्या का पुकारता?

आपा मूळच्या अकोल्याच्या. वडील रेल्वेत होते आणि रेल्वेकडून हॉकी खेळायचे. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलीच्या हातात स्टिक दिली, असं लोक सांगत. आपांना हे कुणी ऐकवलं की त्या भडकत. "मले दोन भाऊ आहेत. दोघायलेबी हॉकी येत नाई. बापानं ज्याले येते त्याले देली, बस." पन्नाशीच्या होत्या, काटक होत्या, सलवार-कमीज आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालत. ओढणी गळ्यात कधीच नसायची, कमरेला करकचून बांधलेली. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल विचारायची हिंमत आमच्यात नव्हती, एकदा छोटी दर्यापूर चुकून बोलून गेली, तर तिला मैदानाला चकरा मारायला लावल्या आणि ती धापा टाकत परत आल्यावर सांगितलं, "आता तुले समजलं का, मले टाइम कुठं होता?"

शिट्टी वापरत नसत. गळ्यात असायची, पण ती फक्त साहेब लोक तपासणीला आले की. "शिट्टीनं पोट्टी थांबते. आवाजानं थे ऐकते," असं त्यांचं म्हणणं. त्यांचा आवाजही तसाच होता. मैदानाच्या पलीकडे रस्त्यावरून जाणारे सायकलवाले ब्रेक लावायचे.

आमच्या टीमला पेनल्टी मिळाली की त्या पाठ करून उभ्या राहायच्या. समोरच्या टीमला मिळाली तर डोळे वटारून पाहायच्या. हे उलटं का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आपल्या पोट्टीनं मारला तं मले आवाजानं कयतेच. दुसऱ्याच्या पोट्टीकून शिकाले भेटते."

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कॉलेजच्या जिमखान्यात रोज एक वर्तमानपत्र यायचं, पण आम्हाला ते नेहमी पहिल्या पानाशिवायच मिळायचं. आम्हाला वाटे, आपा त्या पानात शेंगदाणे बांधतात. शेंगदाणे त्या सतत खायच्या, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापूस पिकत नव्हता आणि पिकला तर विकत नव्हता. पहिल्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं, आणि ते कशासाठी असायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या टीममध्ये तर सगळी गावंच होती. प्रॅक्टिसच्या आधी एखादीने आपल्या गावाचं नाव तिथे वाचू नये, म्हणून आपा ते पान रोज सकाळी स्वतः काढून ठेवत. हे मला आपा कॉलेजातून निवृत्त झाल्यावर तिथल्या शिपायाने सांगितलं. मी त्यानंतर बराच वेळ जिमखान्याच्या पायरीवर बसून होते.

त्यांच्या खरेपणाचा तर आम्हाला जाच होता. मुलींची राष्ट्रीय बाद स्पर्धा अमरावती आणि अकोल्यात आली, त्या वर्षाची गोष्ट सांगते. यजमान म्हणून आमच्या टीमला त्यात जागा मिळाली होती. देशभरातल्या टीम्स आल्या होत्या. त्यांच्याकडे एकसारखे गणवेश, चकचकीत स्टिका, वेगळे बूट. आमच्या स्टिकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. आमच्या बाजूने एकच गोष्ट होती, ती म्हणजे आमचं काळ्या मातीचं मैदान. त्याला जागोजाग भेगा होत्या. चेंडू कुठे उडेल हे देवालाही सांगता आलं नसतं, पण आम्हाला साधारण अंदाज होता.

ही बाद फेरी घरी समजावून सांगणं हे माझं पहिलं काम होतं. बाबांचं तिवशाच्या बाजारात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पीक बरं असलं की दुकानासमोर पंपांची रांग लागायची. त्या दोन-तीन वर्षांत लोकांनी फवारणंच सोडून दिलं होतं. बाबा सकाळी दुकान उघडायचे, पान्हे पुसून ठेवायचे आणि संध्याकाळी बंद करून घरी यायचे. अशा माणसाला पोरीच्या लग्नाची घाई झाली यात नवल काय? बुद्धपौर्णिमेला तिवशात सामुदायिक विवाह होणार होते. त्यात नाव दिलं की खर्चाचा प्रश्न नव्हता. चांदूरकडचं एक स्थळही आलं होतं. मला शिकायचं होतं, खेळायचं होतं, पुढे खेळाचंच शिक्षण घेऊन शिक्षक व्हायचं होतं. पण हे मी बाबांना नीट कधी सांगू शकले नव्हते.

"बाद फेरी म्हंजे काय असते?" बाबांनी विचारलं.

"एकदा हारलं का घरी जाचं."

त्यांना ते एकदम पटलं. "हे बरं आहे. मंग तू खेय. बाद झाली का पाहुने बलावतो." त्यांनी तेवढ्यापुरता निरोपही पाठवला की मुलगी स्पर्धेत आहे, जरा थांबा. म्हणजे आता प्रत्येक मॅच माझ्यासाठी दोनदा होती. गोल वाचवला की माझं लग्नही पुढे जात होतं. मी बॅकला खेळायचे. त्या स्पर्धेत मी जशी खेळले तशी पुन्हा कधी खेळले नाही.

पहिली मॅच आम्ही हिमाचलकडच्या मुलींविरुद्ध जिंकलो. आम्ही नाचतोय, एकमेकींच्या गळ्यात पडतोय, तोच आपा आल्या. "झालं? आता चला. भाकरी थापा."

आम्हाला वाटलं, आमच्यासाठी. पण नाही. आपांचा एक नियम होता आणि तो आम्हाला त्या दिवशी कळला. ज्याने हरवलं, त्याने हरलेल्याला जेवू घालून गाडीत बसवून द्यायचं. बाद स्पर्धेत हरलेल्या टीमची खोली त्याच संध्याकाळी दुसऱ्याला देतात, मेसमधलं नाव काढतात. आपा स्वतः खेळत होत्या तेव्हा दूर कुठेतरी उत्तरेकडे त्यांची टीम अशीच हरली होती आणि उपाशी पोटी फलाटावर बसून राहिली होती. "जितलेल्याले कोनंबी जेवाले बलावते. हारलेल्याले आज रात्री कोन इचारते? आधी पोटोबा, मंग विठोबा," असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या. त्यांच्या तोंडी ही म्हण नेहमी असायची, आणि ती म्हणताना त्या कपाळाला हातही लावायच्या.

मग ज्वारीच्या भाकरी, ठेचा, पिठलं असं सगळं बांधून आम्ही दमलेल्या पायांनी बडनेऱ्याच्या स्टेशनवर गेलो. हिमाचलच्या मुली आम्हाला पाहून चमकल्या. त्यांच्या मॅडमना वाटलं, आम्ही चिडवायला आलो. त्या पुढे होऊन म्हणाल्या, "अब क्या चाहिए आपको?"

आपांनी डबे त्यांच्या हातात दिले. "कुछ नहीं. हमारे यहाँ से मेहमान भूखा नहीं जाता. और मिर्ची संभाल के खाना."

त्यांनी सांभाळून खाल्ली नाही. गाडी सुटेपर्यंत त्या मुली नळावर पाणी पीत होत्या आणि हसत होत्या. त्यांच्या कप्तानाने खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. काही तासांपूर्वीच तिने माझ्या नडगीवर स्टिक मारली होती.

पुढच्या फेरीतही आम्ही जिंकलो आणि पुन्हा भाकरी थापल्या. आता शहरात चर्चा झाली होती. राजापेठेतल्या एका हॉटेलवाल्याने आपणहून पुऱ्या पाठवल्या. उपांत्यपूर्व फेरीत मात्र आपांनी आमचा जीवच घेतला. मॅच बरोबरीत होती. मोठी दर्यापूर डावीकडून पळत गेली, चेंडू आत दिला आणि छोटीने गोल केला. पंचांनी गोल दिला. समोरची टीमही मान खाली घालून परत निघाली. तेवढ्यात काठावरून आवाज आला, "चेंडू बाहेर गेल्ता!"

आम्हाला वाटलं कुणी प्रेक्षक ओरडला. आपा होत्या. रेषेच्या अगदी जवळ उभ्या होत्या, चेंडू रेषेबाहेर जाऊन आत आल्याचं फक्त त्यांनाच दिसलं होतं. पंच त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांनी गोल मागे घेतला. मैदानावरच्या लोकांनी आपांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिद्धपूर महानुभाव घरातली, कधी तोंडातून वावगा शब्द काढायची नाही. तिनेही गोलात उभं राहून काहीतरी पुटपुटलं. नंतर आम्ही जिंकलो ती गोष्ट वेगळी. पण मी आपांशी भांडले. "आपा, थे आपला गोल होता! तुमी काहून बोलल्या?"

"बाहेर गेल्ता काहून नाई बोलू?"

"कोनाले दिसलं होतं?"

"मले दिसलं होतं न." त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. त्यांनी शेंगदाणे पुढे केले. "घे. खाय."

उपांत्य फेरी अकोल्यात होती. हरियाणाच्या मुली. त्या दिवसाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. त्या आमच्यापेक्षा जास्त चांगल्या होत्या, मैदान अकोल्याचं होतं, आणि तिथल्या भेगा आमच्या ओळखीच्या नव्हत्या. आम्ही साफ हरलो. शेवटचा गोल झाला तेव्हा मी गुडघ्यावर बसले आणि माझ्या मनात हॉकी नव्हती, चांदूरचे पाहुणे होते. बाद झाले. बाबांनी शब्द पाळला होता, आता मला पाळायचा होता.

हरियाणाच्या टीमला आमचा नियम माहीत नव्हता, त्या बसमध्ये बसून निघून गेल्या. तिथेच झालेल्या दुसऱ्या उपांत्य सामन्यात रांचीकडच्या मुली हरल्या होत्या. त्यांना हरवणारी टीमही निघून गेली. रांचीच्या मुलींची परतीची गाडी अंतिम सामन्याच्याही नंतरची होती, म्हणून त्या अमरावतीत एका शाळेच्या वर्गात राहणार होत्या. जेवणाचं कुणी विचारलं नव्हतं. आपा त्यांच्या मॅडमकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आप भी बाहर, हम भी बाहर. चलो, साथ में खाएंगे." अकोल्यातल्या आपांच्या घरी, त्यांच्या म्हाताऱ्या अम्मीच्या हाताखाली, आम्ही बावीस-पंचवीस जणी जेवलो. मी भाकरीला हात लावला नव्हता. रांचीच्या एका मुलीने माझ्या ताटातली भाकरी उचलून स्वतः खाल्ली आणि बदल्यात तिच्या पिशवीतला चिवडा मला दिला.

दुसऱ्या दिवशी मी तिवशाला निघाले तेव्हा आपा एसटी स्टँडवर उभ्या होत्या. हातात डबा. "आपल्याले पोचवाले कोनंच आलं नाई. म्हनून मी आली." मला वाटलं, गाडीत बसवून देतील. पण त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि तिवशापर्यंत आल्या. सगळ्या मुलींना त्या अशाच पोचवून आल्या, हे मला पुढे समजलं. रस्त्यात मी त्यांना सगळं सांगितलं. पाहुण्यांचं, सामुदायिक लग्नाचं, बाबांच्या दुकानाचं, मला शिकायचं आहे तेही. त्या खिडकीबाहेर पाहत शेंगदाणे खात राहिल्या. मला जरा रागच आला.

घरी पोचलो तर पाहुणे बसलेलेच होते. बाबांचा निरोप मिळाल्याबरोबर आले होते. मुलगा होता, त्याचा मामा होता, आणखी दोघं-तिघं. मुलगा बिचारा साधा होता, खाली मान घालून पोहे खात होता. बोलायचं काम मामाकडे होतं. आपांना पाहून बाबा गडबडीने उठले.

"जयभीम, मॅडम. या, बसा."

"जयभीम, भाऊ." आपा सतरंजीवर मांडी घालून बसल्या. आईने त्यांच्याही हातात पोह्यांची बशी दिली. त्यांनी बशी संपवली, पाणी प्यायलं आणि मुलाला विचारलं, "तुले हॉकी येते का?"

"नाई जी. क्रिकेट येते थोडं."

"चालते," आपा म्हणाल्या.

मामा मुद्द्यावर आला. "आमाले पोरगी पसंत आहे. तिच्या त्या खेयापायी आमी थांबलो. आता थे बाद झाली असं ऐकलं. तं नाव देऊन टाकाचं का?"

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. ते हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

"बाद कुठं झाली?" आपा म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

"सेमीफायनल हारली न थे?" मामा म्हणाला. "पेपरात होतं."

"हारली. पन तिसऱ्या नंबराची मॅच बाकी आहे. अमरावतीले. इतवारी." आणि बाबांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमी तिले बाद होयेपर्यंत खेयाले सांगतलं होतं न? तं थे अजून बाद नाई."

त्या स्पर्धेत तिसऱ्या नंबराची मॅच नव्हती. हरलेल्या दोन्ही टीम्सना मिळून तिसरा नंबर द्यायचा, असं पहिल्याच दिवशी जाहीर झालं होतं. स्वतःच्या टीमचा गोल पंचांना सांगून मागे घ्यायला लावणारी बाई माझ्या घरात, माझ्या बाबांच्या डोळ्यांत पाहून खोटं बोलत होती आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

बाबा शब्दाचे पक्के. त्यांनी मामाला हात जोडले. "मी बोलून बसलो. इतवारपर्यंत थांबा. सोमवारी नाव देऊ." मामा कुरकुरला, पण थांबला. बाबा मग आपांना म्हणाले, "मी येतो म्याच पाहाले. म्या तिले कधी खेयताना पाह्यलं नाई."

मी आपांना पोचवायला स्टँडवर निघाले. "आपा, मॅच तं नाई! बाबा येऊन राहिले! तुमी खोटं बोलल्या!"

आपा थबकल्या. मी त्यांना मारलं असतं तरी त्या इतक्या दुखावल्या नसत्या. "मी खोटं बोलत नाई," त्या म्हणाल्या. "मॅच नाई तं होईन."

आणि त्यांनी ती मॅच उभी केली. स्पर्धेच्या संयोजकांकडे गेल्या, त्यांनी हाकलून लावलं. शहरातलं मोठं मैदान अंतिम सामन्यासाठी सजवून ठेवलं होतं, त्यावर पाय ठेवायला मनाई झाली. पंच मिळाले नाहीत. मग त्या रांचीच्या मुलींच्या वर्गात गेल्या. त्यांच्या मॅडमना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण त्या मुली आमच्याकडचं जेवल्या होत्या आणि त्यांनाही नुसतं बसून कंटाळा आला होता. त्या लगेच तयार झाल्या. आमच्या मुलींना तर आपा पुन्हा गावोगावी जाऊन घेऊन आल्या. काल ज्यांना घरी सोडलं, त्यांनाच आज उठवून आणलं. रिद्धपूरच्या आईने म्हणे विचारलं, की मॅडम, तुमी हिले ठेवाले आल्या होत्या का न्याले?

रविवारी सकाळी आमच्या कॉलेजच्या मैदानावर मॅच झाली. एकही पताका नव्हती. माइक नव्हता, खुर्च्या नव्हत्या. प्रेक्षक म्हणजे कॉलेजचा शिपाई, दोन बकऱ्या आणि बाबा. बाबा धुतलेला सदरा घालून आले होते. ते गोलपोस्टच्या जरा बाजूला उकिडवे बसले. पंच दोघी: मैदानाच्या एका अर्ध्यात रांचीच्या मॅडम, दुसऱ्या अर्ध्यात आपा. आपांनी शिट्टी तोंडात धरली नाहीच. त्यांचं "ओय!" पुरेसं होतं.

एवढ्या खोट्या मॅचमध्ये मी इतकी खरी कधी खेळले नव्हते. रांचीच्या मुली वाऱ्यासारख्या पळायच्या, आणि मी त्यांच्यामागे. एका वेळी मी चेंडू अडवला, वळले, पुढे मोठ्या दर्यापूरला लांब दिला, तेव्हा बाजूने बाबांचा आवाज ऐकू आला. "असं! असं!" बाबांना त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण पंप दुरुस्त झाला, पहिला फवारा बरोबर पडला, की ते असंच म्हणायचे. कित्येक महिन्यांत तो आवाज घरात कुणी ऐकला नव्हता.

खेळ संपत आला तरी बरोबरी होती. रांचीच्या मुलीने चेंडू मारला, मी आडवी आले, आणि चेंडू माझ्या बुटाच्या कडेला पुसटसा लागून बाहेर गेला. आमच्या गोलच्या अगदी समोर. रांचीच्या मुलींनी काही मागितलं नाही, त्यांना दिसलंच नव्हतं. मी आपांकडे पाहिलं. त्या अर्ध्यात त्याच पंच होत्या.

"ओय!" आपा म्हणाल्या. "तिवसाच्या पायाले लागला. पेनल्टी कॉर्नर."

त्यावर गोल झाला. आम्ही हरलो. चौथ्या आलो.

मी मैदानावर तशीच उभी राहिले. या बाईने माझ्यासाठी नसलेली मॅच उभी केली होती, गावोगाव फिरली होती, संयोजकांचं ऐकून घेतलं होतं. आणि तीच मॅच तिने माझ्या पायावरून देऊन टाकली. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे खरं आहे. आज मी एका शाळेच्या मैदानावर मुलींना खेळवते. रोज कधी ना कधी काठावर उभी असते आणि फक्त मलाच दिसलेलं काहीतरी असतं. तेव्हा मी बोलते. मुली माझ्यावर चिडतात, आणि मला आपांची आठवण येते. मला जे काही आलं ते त्यांच्याकडून आलं. हे त्यांच्या तोंडावर सांगायला गेले असते तर त्यांनी चकरा मारायला लावल्या असत्या, म्हणून मी कधी सांगितलं नाही.

रांचीच्या मुलींनी आम्हाला मिठ्या मारल्या. या वेळी त्यांनी आम्हाला हरवलं होतं, म्हणून जेवण त्यांच्याकडे. त्यांनी आधीच भात शिजवून ठेवला होता. सगळ्या तिकडे गेल्या, मी मागे राहिले, कारण बाबा मैदानात येत होते.

त्यांनी आधी मला विचारलं, "पायाले लागला होता का?"

"हो, बाबा."

त्यांनी मान हलवली. मग त्या मोकळ्या मैदानाकडे, बकऱ्यांकडे, चुन्याने घाईघाईत मारलेल्या वाकड्या रेषांकडे पाहिलं. बाबा काही खुळे नव्हते. राष्ट्रीय स्पर्धेची मॅच कशी असते, एवढं त्यांना कळत होतं. ते आपांसमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, तिसऱ्या नंबराची झाली. आता अजून कोन्त्या नंबराची म्याच बाकी आहे?"

आपांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. कमरेची ओढणी सोडून त्यांनी तोंड पुसलं. खोटं बोलायची ताकद एकदाच आणली होती, ती संपली होती.

"नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता कोन्तीच बाकी नाई. संपलं."

खाली वाकून बाबांनी माझी स्टिक उचलली, तिची सुटलेली ट्यूबची पट्टी ओढून घट्ट केली आणि ती माझ्या हातात दिली.

"नसन तं ठेवा एखादी," ते म्हणाले. "सोमवारी मी त्यायले सांगतो, पोरगी अजून खेयून राहिली."